पहिली खेप

माझं काम सोपं: जिन्याच्या कडेनं रूळ,
रुळावर खुर्ची, खुर्चीला पट्टा.
चार तासांत होतं. दिवस जातो तो बोलण्यात.

कारण प्रत्येक घरी माझ्याआधी कुणीतरी
सगळं सांगून गेलेलं असतं.
भिंत फोडतात म्हणे.
अरुंद जिन्यावर बसतच नाही म्हणे.
वीज गेली की माणूस मधेच लटकलेला,
पोस्टमन येईपर्यंत.
आणि एकदा बसलात की पाय चालणं विसरतात;
रिथिनच्या एका बाईंचे विसरलेच,
चुलतबहिणीची शेजारीण त्यांची.

मी पाढे म्हणावेत तसं म्हणतो:
भिंतीला हात लागत नाही, रूळ पायऱ्यांवर उभा राहतो.
बॅटरी आहे, अंधारातही काही फेऱ्या होतील.
नको तेव्हा घडी घाला, नातवंडं शेजारून धावतील.
पाय तुमचेच राहतील.
लोक मान हलवतात.
मग विचारतात, पण भिंतीचं काय?

ब्लायनाय फेस्टिनिओगला धुकं होतं.
गावाच्या डोक्यावर फुटक्या पाट्यांचे डोंगर,
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची,
थडगीसुद्धा.
मायरिग प्रिदर्ख, वय एक्याऐंशी,
यानं दार उघडलं, पण वाट दिली नाही.
खुबा गेल्यापासून चौदा महिने
तो खालच्या खोलीत सोफ्यावर झोपतोय.
नेस्टा वर.
रात्री तो काठीनं छत ठोकतो, दोनदा.
ती टाच आपटते, एकदा.
तेवढ्यात भागतं, म्हणाला.

मी भिंतीपासून सुरुवात केली.
त्यानं हात वर केला. भिंत गेली खड्ड्यात.
दोर कुठाय?
कसला दोर?
वर ओढणारा.

खाणीत उतरणीवर रूळ असायचे.
भरलेली वाघीण खाली येताना
रिकामीला वर खेचायची, मधे एकच दोर.
एकसष्टच्या फेब्रुवारीत तो तुटला.
वाघिणीवर बसून खाली यायला बंदी होती,
सगळेच यायचे.
इवानसुद्धा.
पुढचं त्यानं सांगितलं नाही. चहा निवू दिला.

माझ्या माहितीपत्रकात याला उत्तर नव्हतं,
आणि गैरसमज म्हणावं असं त्यात मला
काही सापडेना.
दोर नाही, मी म्हणालो, दाते आहेत,
रुळाच्या पोटात, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, अखंड.
तो तळच्या पायरीवर टेकला
आणि दात्यांवरून अंगठा फिरवत राहिला,
घोड्याचं वय बघावं तसा.

मग म्हणाला, पहिली खेप माणसाची नाही.
मागच्या अंगणातून पाटी आणवली माझ्याकडून, डचेस
(छपराच्या मापांना तिकडे सरदारणींची नावं),
दोन फूट लांब, एक रुंद.
ती खुर्चीवर बसवली, तिला पट्टा बांधला,
बटण स्वतः दाबून धरलं.
तेरा पायऱ्या. मुंगीच्या पावलांनी.
तेवढा वेळ तो श्वास घ्यायचा विसरला असावा.

वर पट्टा सुटल्याचा आवाज.
मग बराच वेळ काही नाही.
मग पाटीवर खिळा खरवडल्याचा.

पाटी खाली आली तीन शब्द घेऊन, त्यांच्या भाषेत.
मी बर्कनहेडचा, मला त्यातलं अक्षर लागत नाही.
काय म्हणतात बाई?
त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.
तुझ्या कामाचं नाही, म्हणाला,
आणि बाहीनं पुसायला गेला.
खिळ्याचं लिहिलेलं पुसत नाही.

मी हत्यारं आवरत होतो
तेव्हा पट्टा लागल्याचा खट आवाज आला.
मी पाना शोधत राहिलो, नसलेला.
मागे मोटर गुरगुरत होती, दमादमानं,
आणि वरून टाच आपटत होती,
एकदा नाही,
थांबतच नव्हती.

सही घ्यायची राहिली.
तो फॉर्म अजून गाडीत आहे.